बॉनेटवरचे ठिपके

सून : दार लोटून घ्या आधी, आई. धूळ येते वाऱ्याने, ओल्या रंगावर बसते. आणि पाय जपून टाका, वायर आहे तिथे.

सासू : वायर दिसली मला. केस वाळवायचं यंत्र गाडीला लावून काय बसलीयस, ते मात्र समजत नाही. कधीची हाका मारतेय मी.

सून : ऐकूच आलं नाही. फार आवाज होतो याचा, बंद करते.

सासू : काय झालं गाडीला?

सून : काही नाही. बॉनेटवरचे थोडे टवके उडालेत. भरून टाकते.

सासू : कसले टवके? माझा मुलगा गावाला जाताना पुसूनबिसून, वर कापड घालून गेला होता. मी उभी होते ना इथे.

सून : काल बाजारात नेली होती. पुढच्या ट्रकमधून खडे उडाले.

सासू : बाजारात गेलीस आणि पिशवी स्वयंपाकघरात खिळ्यालाच राहिली?

सून : विसरले.

सासू : बरं. आणि परत आल्यावर पायरीवर चपला आपटत होतीस, त्या कशाला? सकाळी पायरी झाडली तर सगळी पांढरी पूड. माझे डोळे अधू झालेत गं, कान जागेवर आहेत. बाजारात कुठली आली पांढरी पूड? खडीच्या रस्त्याला गेली होतीस तू.

सून : आई, मला हे उरकू द्या. संध्याकाळच्या गाडीने येतील हे.

सासू : भिंगरीकडे गेली होतीस?

सून : हो.

सासू : थांब. तो डबा उलटा कर, मला बसू दे. माझ्या नातीला पाहून आलीस आणि रात्री माझ्यासमोर बसून मुकाट्याने जेवलीस? घास कसा उतरला तुझा?

सून : तुम्हाला सांगितलं असतं, तर ह्यांनी विचारल्यावर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. चेहऱ्यावर दिसतं लगेच.

सासू : ते जाऊ दे. कशी आहे ती? खरं सांग.

सून : बरी नाहीये, आई. दार उघडायला आली तीसुद्धा भिंत धरधरून. सातवा लागलाय तिला. पाय इतके सुजलेत की चप्पल चढत नाही, जावयाचे बूट घालून वावरते घरात. डोकं सारखं ठणकतं म्हणाली. जावई सकाळी खडी फोडायच्या यंत्रावर जातो तो अंधार पडल्यावर येतो. आजूबाजूला सगळ्या कामगारांच्या खोल्या. दिवसा सगळीकडे कुलपं. पाणी द्यायलासुद्धा कुणी नाही.

सासू : डॉक्टरकडे?

सून : मागच्या महिन्यात गेली होती, तीच. आता बसचे हादरे सोसत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, चल ऊठ, माझ्याबरोबर चल. तर म्हणाली, कुठे?

सासू : मग?

सून : मग काय. मी तिच्या घरातली भांडी घासली, दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं आणि म्हटलं, उद्या परत येते, तुला दवाखान्यात घेऊन जाते. उद्या म्हणजे आज. आणि आज मी इथे बसलेय.

सासू : इथे का बसलीस? ऊठ की.

सून : असं कसं उठू? येताना घाटाच्या तोंडाशी खडीचा ट्रक पुढे आला आणि सगळं बॉनेट फोडून ठेवलं. हे आले की आधी गाडीवरचं कापड काढतात, मग बूट. दिवसभर भिंगाखाली काचा तपासणारा माणूस तो. चष्म्याच्या काचेवरचा केसाएवढा ओरखडा ज्याला दिसतो, त्याला एवढे पांढरे ठिपके दिसायचे नाहीत? दिसले की विचारणार कुठे गेली होतीस. मग किल्ली खिशात घालून दुकानात जाणार. मग मी कशाने जाऊ तिच्याकडे? आज हे झाकलं गेलं, तर उद्या हे दुकानात गेल्यावर गाडी माझी.

सासू : सरळ सांगून टाक त्याला.

सून : तुम्ही सांगितलं होतंत? ती आपल्या मर्जीने लग्न करून गेली त्या दिवशी हे दारात उभं राहून म्हणाले, या घरातलं कुणी तिच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. तुम्ही उठून आतल्या खोलीत गेलात. मी चुलीवरचं दूध बघत उभी राहिले. कुणी काही बोललो का आपण?

सासू : नाही.

सून : मग आता मला नका सांगू. दिवा जरा इकडे धरा. असा, तिरपा.

सासू : काय काय करायचं असतं यात?

सून : रंगाच्या दुकानदाराने सांगितलंय. जागा धुवायची, स्पिरिटने पुसायची, गंज धरला असेल तर टोकाने खरवडायचा. मग अस्तराचा रंग. तो वाळला की निळ्याचा एक थेंब, काडीच्या टोकाने, टवक्याच्या आतच बसला पाहिजे, काठाबाहेर जाता कामा नये. वाळला की दुसरा. मग वर चमक यायला आणखी एक थर. आणि शेवटी बारीक कागद पाण्यात बुडवून घासायचं. घाई केलीत तर फसाल, म्हणाला. मी मनात म्हटलं, दादा, माझ्याकडे घाई सोडून दुसरं काहीच नाही.

सासू : रंग तरी तोच मिळाला का?

सून : गाडीच्या दारावरच्या चिठ्ठीवर रंगाचा नंबर असतो, तो सांगितला. म्हणाला, नंबर तोच असला तरी ऊन लागून लागून गाडीचा रंग उतरलेला असतो, तंतोतंत जुळेल असं समजू नका. दिवा हलवू नका ना.

सासू : मी नाही हलवत, हात हलतो.

सून : थांबा... गेला. गेला ओघळ. बघा, मोठा थेंब पडला. कापड द्या. ते नाही, स्पिरिटचं.

सासू : हे घे.

सून : पुसतेय तितकं पसरतंय. आता खालची चमकसुद्धा गेली. आई, ही एवढी जागा मेली बघा. आधी ठिपका होता, आता हा डाग झाला. हाताएवढा डाग. हे मी कशाने झाकू?

सासू : घासू नकोस. ठेव ते कापड.

सून : पुसायलाच हवं.

सासू : ठेव म्हणते ना. दे इकडे.

सून : ती वाट बघत असेल. मी येते म्हणून सांगितलंय. ती उठून दारात उभी राहत असेल मला बघायला, आणि मी इथे काडीने ठिपके भरतेय. मला कळतंय हो हे वेड्यासारखं आहे. पण दुसरं काय करू ते कळत नाही.

सासू : रड थोडं. मग करू.

सून : रडायला वेळ नाही.

सासू : मग असं कर. मला बारीक दिसत नाही, पण बोटाला लागतं. आमच्या वेळी तांदळातले खडे मी डोळे मिटून काढायचे. मी हात फिरवते आणि खड्डा लागला की सांगते. तू फक्त भर. डाग कोरडा झाला की मग त्याचं बघू.

सून : बरं. इकडून सुरू करा, या कडेने.

सासू : इथे एक. हा खोल आहे.

सून : हं.

सासू : इथे दोन, शेजारी शेजारी. इथे एक. इथे... हा खड्डा नाही. फुगवटा आहे.

सून : मी भरलेला असेल. ओला आहे का?

सासू : चांगला खडखडीत. खाली गाडीच्या दिव्यापाशी आणखी आहेत. रांगच आहे की. हा एक, हा एक, इथे दोन. घासून गुळगुळीत केलेत, पण बोटाला चढ लागतो.

सून : तिथे मी अजून पोचलेच नाही.

सासू : मग कुणी भरले?

सून : बाजूला व्हा जरा, उजेड पडू द्या. हो. भरलेत. माझ्यापेक्षा नीट भरलेत. रंग किंचित गडद आहे एवढंच. हे जुने आहेत, आई. काही तर एकावर एक आहेत. भरलेल्यावर परत खडा लागलाय आणि परत भरलंय.

सासू : गाडी तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

सून : नाही. मीसुद्धा कालच हात लावला, कितीतरी महिन्यांनी.

सासू : दुकान बंद असतं त्या दिवशी घेऊन जातो तो. मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणतो म्हणतो, इंजिन साफ राहतं.

सून : मोकळ्या रस्त्यावर खडी नसते. आणि येऊन लगेच धुतात. मला वाटायचं हौस आहे.

सासू : फाटक वाजलं का आत्ता?

सून : नाही. अजून वेळ आहे गाडीला.

सासू : वाजलं. पाऊल त्याचंच आहे.

(नवरा प्रवासाची पेटी हातात घेऊन दारात उभा राहतो. सुनेने केस वाळवायचं यंत्र ओल्या डागावर धरून नुकतंच पुन्हा चालू केलेलं असतं.)

नवरा : ते बंद कर. एवढ्या जवळून धरलंस तर रंगाला फोड येतील.

सून : तुम्ही संध्याकाळी येणार होतात.

नवरा : काम लवकर आटपलं. कुठे गेली होतीस?

सून : तुम्हाला दिसतंय.

नवरा : मी तुला विचारतोय.

सून : भिंगरीकडे गेले होते. काल. आणि आजही जाणार होते.

नवरा : मी काय सांगितलं होतं?

सासू : तू इकडे ये आधी. हात दे. हे काय आहे, हे बोटाला लागतंय ते?

नवरा : आई, तू आत जा.

सासू : मागच्या वेळी गेले होते. आज इथेच बसणार आहे. बोल, हे कुणी भरलंय?

नवरा : मीच. गाडी माझी आहे.

सून : खडे कुठल्या रस्त्यावर लागले?

नवरा : काय फरक पडतो?

सून : मला पडतो. कुठल्या रस्त्यावर?

नवरा : टाकीपर्यंत जातो मी.

सून : कुठल्या टाकीपर्यंत?

नवरा : त्या वस्तीच्या अलीकडे पाण्याची टाकी आहे. तिच्या सावलीत गाडी लावतो आणि काच खाली करतो. तिथून तिच्या घराची मागची बाजू दिसते. दोरीवर कपडे असले की समजतं, ठीक चाललंय. एकदा ती बाहेर आली होती कपडे काढायला. हात वर केले तेव्हा मला कळलं, तिला दिवस गेलेत.

सासू : आणि घरी येऊन बोलला नाहीस?

नवरा : काय बोलणार होतो?

सून : मला फोनवर कळलं तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून बोलत होते तिच्याशी. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला आनंदसुद्धा तोंडावर पाणी मारून बाहेर काढावा लागला. आणि तुम्हाला ठाऊक होतं?

नवरा : हो.

सून : तुम्ही सावलीत बसून बघत होतात. मी तिच्यासाठी विणलेलं डब्यात तांदळाखाली लपवत होते आणि तुम्ही तिकडे जाऊन बघून येत होतात. हे ठिपके भरून, धुऊन, पुसून घरात येत होतात. आज सकाळपासून मी तुमच्या भीतीने इथे गुडघ्यांवर बसलेय. मला एक शब्द सांगितला असतात, तर टाकीपासून पुढे मी गेले असते चालत.

नवरा : मला ठाऊक आहे.

सून : काय ठाऊक आहे?

नवरा : की तू गेली असतीस. म्हणूनच नाही सांगितलं. तू गेलीस की मला जावं लागलं असतं. जाऊन म्हणायचं काय? दारात उभं राहून जे बोललो ते परत कसं घ्यायचं, मला नाही माहीत. जाताना ती काय म्हणाली ते आठवतंय ना? बाबा, तुम्हाला जवळचं दिसत नाही. माझ्याच दुकानात शिकलेलं मलाच ऐकवून गेली. मी टाकीपाशी बसतो आणि पुढे जायला पायच उचलत नाही.

सासू : अरे, एवढा मोठा झालास.

नवरा : गेल्या खेपेला दोरी रिकामी होती. एकसुद्धा कपडा नव्हता. दोन दिवस तिकडे शहरात दुकानासाठी माल बघत होतो, पण काचा कुठल्या घेतल्या विचारशील तर सांगता यायचं नाही. म्हणून लवकर आलो. कशी आहे ती?

सून : आता विचारता.

नवरा : आता विचारतोय. सांग.

सून : सुजलीय. पाय, हात, तोंडसुद्धा भरल्यासारखं दिसतं. डोकं ठणकतं. पोटात वरच्या अंगाला दुखतं म्हणाली, मला वाटलं पित्त असेल.

नवरा : डोळ्यांबद्दल काही बोलली?

सून : डोळ्यांबद्दल काय बोलणार?

नवरा : आठव. नीट आठव.

सून : दार उघडलं तेव्हा चोळत होती डोळे. मला ओळखायला थोडा वेळ लागला तिला, मला वाटलं उजेडामुळे. नंतर म्हणाली, मधूनच समोर काजवे चमकल्यासारखं होतं, झोप नाही म्हणून असेल. का? असं काय बघता?

नवरा : फोन लाव तिला.

सून : काय झालं ते सांगा आधी.

नवरा : दुकानात एक बाई आली होती, पोटुशी. नंबर बदललाय म्हणाली, समोर चमचम दिसते. मी काचा बदलून बदलून दाखवत बसलो. हातपाय तिचे असेच सुजलेले. नंबर नव्हता बदलला. रक्तदाब चढला होता. माझ्या खुर्चीतच आकडी आली तिला. ती वाचली. बाळ नाही वाचलं. तू फोन लाव.

सासू : लाव गं, लाव. बघत काय राहिलीस?

सून : वाजतोय... उचलत नाहीये. उचल गं. उचल ना.

नवरा : परत लाव.

सून : भिंगरी? अगं, मी. नाही, निघालेच नाही अजून. तू कशी आहेस? झोपली होतीस? नीट बोल, मला ऐकू येत नाही. तशीच आडवी राहा. डाव्या कुशीवर. डोकं कसं आहे?

नवरा : विचार, एक डोळा झाकून समोरच्या दाराची चौकट अख्खी दिसते का.

सून : समोरच्या दाराकडे बघ. एक डोळा झाक. चौकट अख्खी दिसते का? ...नाही म्हणते. वरचा कोपरा दिसत नाही, तिथे पाणी हलल्यासारखं दिसतं.

नवरा : दुसऱ्या डोळ्याने?

सून : दुसरा झाकून बघ. तेच? ...तेच म्हणते.

नवरा : दोन्ही डोळ्यांना तेच, म्हणजे दोष डोळ्याचा नाही, रक्तदाबच. निघू या. दाराची कडी काढलेली आहे का विचार, आणि उठायचं नाही म्हणावं. जावयाला निरोप द्यायला सांग.

सून : भिंगरी, ऐक, दाराची कडी काढलेली आहे ना? मग उठू नकोस. नवऱ्याला फोन कर, नाही लागला तर मी करते. काय? ...काय म्हणालीस?

सासू : काय म्हणते?

सून : ती विचारतेय, हे प्रश्न कोण सांगतंय तुला. शेजारी कोण उभं आहे म्हणते.

सासू : बोल रे आता.

सून : धरा फोन.

नवरा : नको. सांग तिला.

सून : काय सांगू?

नवरा : येतोय म्हणावं.

सून : बाबा येतायत, भिंगरी. ...हो. ...हो, खरंच. नाही गं, रडू नकोस, डोकं आणखी दुखेल. पडून राहा. आम्ही निघालोच. ठेवते.

सासू : काय म्हणाली?

सून : काही नाही. नुसती रडली. तुम्हाला सांगून ठेवते, ती तुमच्याशी बोलेलच असं नाही. तोंड फिरवलं तर फिरवलं. तुम्ही दारातून परत फिरायचं नाही.

नवरा : नाही फिरणार.

सून : आणि तिला कुठे ठेवायचं, कसं, ते सगळं नंतर. पण दवाखान्यातून ती इथेच येणार. ती परत मला कुठे म्हणून विचारेल. मला उत्तर हवंय.

नवरा : इथेच. तिची खोली आहे ना.

सासू : मी ती खोली झाडून ठेवते. तुम्ही जा.

नवरा : आई, खोलीचं नंतर. तू आधी मोठ्या दवाखान्यात फोन कर, नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलाय. सातवा महिना, सूज, डोळ्यांपुढे काजवे, एवढंच सांग. ते समजतील. म्हणावं, रुग्णवाहिका घाटाच्या खाली उभी करा, आम्ही तिथपर्यंत आणतो. त्या रस्त्याला त्यांना घर सापडायचं नाही.

सासू : सातवा, सूज, काजवे. लक्षात राहील. उशी घ्या बरोबर. दोन घ्या. हादरे बसतील पोरीला.

सून : घेते. चादर पण. अहो, टवक्यांभोवती लावलेली चिकटपट्टी तशीच आहे बॉनेटवर, आणि हा डाग ओला आहे अजून. धूळ चिकटेल सगळी.

नवरा : चिकटू दे.

सून : पेटी ठेवा ना खाली. अजून हातातच आहे तुमच्या.

नवरा : हो.

सून : ही घ्या किल्ली.

नवरा : राहू दे तुझ्याकडे. तू चालव. टाकीच्या पुढचा रस्ता मला माहीत नाही.